वाजवेल तो दिसेल

सरकारी कागदावर अजित कर्णबधिर होता, सत्काराच्या भाषणात दिव्यांग होता आणि तो राहायचा त्या गिरगावच्या फणसवाडीत मुका मास्तर होता. तो स्वतः बहिरा म्हणायचा, म्हणजे तर्जनी कानाला लावून ओठांकडे न्यायची, की झालं. परळच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत तो चौथीला शिकवायचा. तिथल्या बाकीच्या बाई ऐकणाऱ्या. बिचाऱ्या मन लावून शिकवायच्या, पण खुणा करताना त्यांचे हात अडखळायचे आणि पोरं आपसात डोळे मिचकावायची. अजितच्या वर्गात असलं काही चालायचं नाही. तिथे मास्तर आणि पोरं एकाच भाषेत भांडायची.

माणूस हेकट होता, हे आधीच सांगितलेलं बरं. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण यांनी अर्धीच उचललीय, पहिल्या अर्ध्याला त्यांचा इलाज नाही, असं त्याची बायको कालिंदी हसून म्हणायची. कालिंदीला ऐकू यायचं. पण त्या हेकटपणाला कारणही होतं. लहानपणी त्याच्या शाळेत खुणांना बंदी होती. तोंडाने बोलायला शिका म्हणून पोरांना हात मांडीखाली दाबून बसवायचे, आणि हात बाहेर आला की पट्टी. कित्येक वर्षं हा मुलगा स्वतःच्या हातांवर बसून शिकला. त्यामुळे बहिऱ्या पोराला ‘गप बस’ म्हणणारा कोणी दिसला की त्याच्या डोक्यात तिडीक जायची.

वर्गात त्याने बाकं अर्धगोलात मांडली होती. बहिऱ्या पोरांना रांगेत बसवलं तर पुढच्याची पाठ दिसते, आणि पाठीला भाषा नसते. मग साथ आली, टाळेबंदी लागली आणि शाळा फोनमध्ये शिरली. तो अर्धगोल मोडला.

फोनच्या पडद्यावर एका वेळी चार चौकोन. बाकीची पोरं मागच्या पानांवर. त्यात ॲपचा कायदा असा, की ज्याचा आवाज येईल त्याचा चौकोन आपोआप पुढे यायचा, गप्प असेल तो मागे. ज्याला आवाज त्याला जागा. हा शोध काही ॲपवाल्यांचा नाही म्हणा, जगाची रीतच ती आहे. पण या वर्गात आवाज कोणाचाच नाही म्हटल्यावर यंत्र पार गोंधळून गेलं. कुठल्या घरात कुकरची शिट्टी झाली की ते पोर पुढे यायचं, कुठे आजी खोकली की ते. आणि ज्याला खरोखर काही विचारायचं असायचं ते मागच्या पानावर हात हलवून हलवून दमायचं. मास्तरांचा चौकोन तेवढा पोरांना आपापल्या पडद्यावर कायम ठेवता यायचा, तो कसा ठेवायचा ते अजितने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पोरांना मास्तर दिसत होते, मास्तरांना पोरं दिसत नव्हती. हळूहळू एकेक जण यायचं बंद झालं.

एकदा शिकवताना रामू नावाच्या पोराच्या हातून स्टीलचा पेला पडला आणि तो मागच्या पानावरून झपकन पुढे आला. अजितने स्वयंपाकघरातून कालिंदीला ओढत आणलं. काय झालं म्हणून विचारलं.

“भांडं पडलं त्याचं,” कालिंदी हातांनी म्हणाली. “केवढ्याने दचकले मी.”

अजित लहान मुलासारखा हसला. दुसऱ्या दिवशी त्याने फर्मान काढलं. सगळ्यांनी शेजारी एक थाळी आणि डाव घेऊन बसायचं. बोलायचं असेल त्याने थाळी वाजवायची. वाजवेल तो दिसेल.

वर्ग पुन्हा जिवंत झाला. माटुंग्यापासून शिवडीपर्यंत घराघरांतून थाळ्या बडवल्या जाऊ लागल्या. आयुष्यभर ज्या पोरांना आवाजाने काही दिलं नव्हतं त्यांनी आवाजाला कामाला लावलं होतं, आणि याचा अजितला फार म्हणजे फार आनंद झाला. फणसवाडीत त्रास काहीच नव्हता. कालिंदी फोनचा आवाज पार खाली करून भाजी चिरायला बसायची. थाळी किती मोठ्याने वाजते हे अजितला माहीत असायचं कारणच नव्हतं.

सगळ्यात जास्त वाजवायची ती लालबागची प्रिती. नऊ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे, आणि प्रत्येक गोष्टीवर हिला काहीतरी सांगायचंच असायचं. चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिघं राहायची: प्रिती, तिची आई नम्रता आणि आजोबा बुधाजी. बाप दोन वर्षांमागे गेला होता. नम्रता शीवच्या एका इस्पितळात आया होती. साथीत तिची ड्यूटी कधी संपायची ते तिलाच ठाऊक नसायचं. जेव, झोप, इकडे ये, एवढ्या खुणा तिला यायच्या. त्यापुढचं लेकीशी बोलायला तिला ना वेळ मिळाला, ना कोणी शिकवलं.

प्रितीशी बोलायचे ते बुधाजी. हयात गिरणीच्या साचेखात्यात गेलेली. तिथे मागांचा असा खडखडाट, की शेजारच्या माणसाला हाक मारायची तर हातानेच. त्या खडखडाटाने त्यांचे कानही नेले होते. नात बहिरी निघाली तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याने मात्र साचेखात्यातले हात बाहेर काढले आणि तिच्याशी गप्पा मारायला लागला. त्या दोघांची भाषा निम्मी शाळेची, निम्मी गिरणीची होती. मुठीत मागाचा धोटा धरून इकडून तिकडे फेकल्यासारखं केलं की प्रितीच्या भाषेत ‘आजोबा’. वर्ग चालू असला की बुधाजी पडद्याच्या कडेला लसूण सोलत बसायचे आणि मधूनच हातांनी चुकीचं उत्तर सांगायचे. वर्ग खिदळायचा. अजितला त्या म्हाताऱ्याचा लळा लागला होता.

पण बुधाजींचं डोकं अलीकडे दगा देत होतं. सकाळ झाली की त्यांना पहिल्या पाळीला जायचं असायचं. गिरणीच्या जागी काचेचा मनोरा उभा राहून जमाना झाला, हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही. टाळेबंदीत एकदा पोलिसांनी त्यांना नाक्यावरून परत आणून सोडलं, वर दोन शिव्या दिल्या. तेव्हापासून नम्रता कामाला निघताना दाराला बाहेरून कडी घालायची. कुलूप नाही, नुसती कडी. शेजारच्या जाईबाईंना तिने सांगून ठेवलं होतं, की काही झालं तर पोरगी थाळी वाजवील, तेवढी कडी काढा. म्हणजे थाळी त्या घरात मास्तरांच्या आधीपासून होती.

थाळ्या सुरू होऊन काही दिवस झाले आणि सुट्टीच्या दिवशी नम्रता स्वतः फोनसमोर येऊन बसली. तिने हात जोडले. कालिंदी मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगत होती.

“सर, एक बोलायचं होतं, रागावू नका हां. ते थाळीचं जरा बंद करता आलं तर बघा ना. जाईबाई दर टायमाला धावत येतात. काल अर्ध्या आंघोळीतून आल्या. बघतात तर ही गणिताचं उत्तर सांगतेय. मग काय, चिडल्याच त्या. आणि ती आमची हाक आहे हो सर. घरात दुसरं माणूस नाही.”

कालिंदीने सगळं हातांनी सांगितलं आणि शेवटी आपल्या पदरचं एक घातलं, “तिचं बरोबर आहे.”

अजितला ‘बंद करता आलं तर’ एवढंच दिसलं. शेजारीण चिडली, म्हणून बहिऱ्या पोरीने गप्प बसायचं. त्याला आपले मांडीखालचे हात आठवले आणि त्याचा चेहरा ताठ झाला.

“वर्गात दिसायचा तिला हक्क आहे,” तो म्हणाला. “शेजाऱ्यांना सांगा, थोडं सोसा. सवय होईल. हाकेसाठी तुम्ही दुसरं काहीतरी ठरवा.”

“बरं सर,” नम्रता म्हणाली. याच मास्तरांनी पोरीला शाळेत घ्यावं म्हणून तिने किती खेपा घातल्या होत्या. त्यांना उलटून बोलायचं तिच्या मनातही आलं नसतं. दुसरं काय ठरवायचं, याचा तिने थोडा विचार केला. मग दुसऱ्या दिवशी ड्यूटी लागली, वॉर्ड भरलेला होता, आणि ते राहून गेलं.

सवय मात्र झाली. जाईबाईंना झाली, सगळ्या मजल्याला झाली. वर्गाची वेळ झाली की जाईबाई गॅलरीकडची खिडकी लावून घ्यायच्या आणि टीव्ही मोठा करायच्या.

त्या दिवशी भागाकार चालला होता. रामूला फळ्यावरचं उदाहरण सांगायचं होतं, आणि प्रितीचा चौकोन मध्येच पुढे आला. अजितने तिला थांब म्हटलं, पाळी रामूची आहे. ती मागे गेली, लगेच पुन्हा पुढे आली. त्याने बोट उगारून दटावलं. ही पोरगी कधी कोणाला बोलू देईल तर शपथ!

तिसऱ्यांदा ती पुढे आली तेव्हा त्याने तिच्या हातांकडे नीट पाहिलं. तिने धोटा फेकला आणि तळहात पालथा करून खाली आपटला. आजोबा पडले.

मग तिने फोन उचलून जमिनीकडे फिरवला. लसणाची सालं, उलटी झालेली ताटली, आणि बुधाजींचा एक पाय. तो पाय आपोआप हलत होता. पुन्हा प्रितीचा चेहरा आला.

“दार उघड,” अजित म्हणाला.

“बाहेरून कडी.”

“जाईबाईंना बोलाव.”

“वाजवलं. येत नाहीत.”

“वाजव!” त्याने दोन्ही हात हवेत आपटले. “जोरात वाजव, थांबू नकोस!”

आता ही पोरं बहिरी होती, आंधळी नव्हती. प्रितीने काय सांगितलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, मास्तर काय म्हणाले तेही पाहिलं होतं. आपल्यापैकी कोणाचा आजोबा पडलाय म्हटल्यावर हातावर हात ठेवून कोण बसेल? रामूने थाळी बडवायला घेतली, त्याचं बघून दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. आपली थाळी लालबागला ऐकू जाणार नाही हे त्यांना कोण सांगणार? ऐकू जाणं म्हणजे काय, हेच त्यांना कधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. अजितच्या पडद्यावर चौकोन भराभर उड्या मारायला लागले. रामू, मग दुसरं कोणी, मग पुन्हा रामू. जीव तोडून बडवणारी पोरं ढकलाढकली करत पुढे येत होती आणि प्रिती मागे कुठेतरी गेली. अजित पानं उलटत होता. ती सापडली म्हणून बोट टेकवावं तर तेवढ्यात तिथे भलतंच पोर आलेलं असायचं.

फोन करायला हवा होता. ज्याच्या तोंडून शब्द फुटतो अशा कोणीतरी, कोणालातरी. कालिंदी रेशनच्या रांगेत होती. अजितने तिला मेसेज टाकला, तो गेला, पण तिने पाहिला नाही. तो खुर्ची सरकवून उठला आणि धावत बाहेर पडला.

शेजारच्या धनेशचं दार त्याने दोन्ही हातांनी ठोठावलं. हा तरुण भला होता. दार उघडलं ते तोंडाला मास्क बांधून, आणि अजित आत घुसतोय असं वाटून दोन पावलं मागे सरला. अजितच्या घशातून काहीतरी निघत होतं, त्याने धनेश आणखीच घाबरला. मास्कमागे ओठ हलत असणार, पण अजितला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. त्याने स्वतःच्या तोंडापुढे हात ओढून ‘मास्क काढ’ अशी खूण केली, तर धनेशने मान जोरजोरात हलवली. शेवटी अजितने त्याच्याच दारातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहिलं: लालबाग. म्हातारा पडला. मुलगी एकटी. फोन कर. खाली नम्रताचा नंबर लिहिला. पोरांच्या घरच्या नंबरांपैकी पाठ होता तेवढा तोच एक.

धनेशने ताबडतोब फोन लावला.

नम्रताचा फोन म्हणजे प्रितीच्या हातातलाच फोन. त्या घरात दुसरा नव्हता. अजितला हे कळलं तेव्हा धनेश कानाला फोन लावून उभा होता आणि पलीकडून कोणी उचलत नव्हतं. अजित घराकडे पळाला. पडद्यावर पोरं अजून बडवत होती. त्याने सगळी पानं उलटली, दोनदा उलटली. प्रितीचा चौकोन नव्हता. फोन येताच वर्ग तिच्या पडद्यावरून गेला होता, आणि त्यात परत कसं यायचं ते तिला येत नव्हतं, वर्ग दरवेळी आई कामाला निघताना लावून द्यायची.

कालिंदीने मेसेज पाहिला तेव्हा पिशवी रांगेतच टाकून ती धावत आली. तिने पोलिसांना फोन केला, इस्पितळात केला, शाळेत केला. इस्पितळातल्या सिस्टरने नम्रताला हाक मारली तेव्हा ती कोणा दुसऱ्याच म्हाताऱ्याला भरवत होती. पोलीस चाळीत चढले तेव्हा थाळी वाजायची थांबली होती. बुटांचा आवाज ऐकून जाईबाई बाहेर आल्या आणि त्यांनीच कडी काढली. बुधाजी गेले होते. पोरगी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

ते दिवस असे होते, की मेलेल्या माणसाला शिवायलाही कोणी तयार नसायचं. म्हातारा साथीतच गेला असणार असं मजल्याने ठरवून टाकलं आणि दारं लावून घेतली. गाडी आली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेऊन गेली. स्मशानात एकट्या नम्रताला जाऊ दिलं. साथ नव्हती हे सांगणारा कागद मागाहून आला, तो वाचायला कोणालाच उत्साह नव्हता. वेळेवर कोणी आलं असतं तर म्हातारा वाचला असता का, हे नम्रताने विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

रस्ते थोडे मोकळे झाल्यावर अजित आणि कालिंदी गिरगावातून चालत लालबागला गेली. खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी बुधाजींचा फोटो लावला होता. त्यात ते एखाद्या मुकादमासारखे कडक दिसत होते, होते त्याच्या अगदी उलट. उंबऱ्यावर जाईबाई बसल्या होत्या. कोणी काही विचारायच्या आतच त्या बोलू लागल्या.

“माका वाटला, शाळाच सुरू आसा. रोज वाजता, मगे माणूस काय करतला? आधी मी धावत येय नव्हतंय? सांग गो नम्रता, येय होतंय की नाय?” आणि पदराने तोंड झाकून त्या रडायला लागल्या.

कालिंदीने हे सगळं अजितला सांगितलं, एक शब्दही गाळला नाही. सवय होईल, हे आपलेच शब्द जाईबाई आपल्यापुढे ठेवताहेत असं त्याला वाटलं.

नम्रताने चहा ठेवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तुमचा काय दोष सर, तुम्ही पोरीच्या भल्यासाठीच केलंत,” आणि कप पुढे केला. अजितला तो धरवेना. त्याला आपली लाज वाटत होती, इतकी की त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

प्रिती खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याने विचारलं, जेवतेस का, झोपतेस का. मग तिचे हात हळूहळू हलू लागले. त्या दिवशी ती खिडकीशी गेली होती. गॅलरीतून एक काका गेले. त्यांनी तिच्याकडे पाहून हाताने ‘बस झालं’ म्हटलं आणि पुढे गेले. म्हणून ती पुन्हा फोनपाशी आली.

“तुम्ही म्हणालात, वाजव. मी वाजवत होते. मग तुम्ही उठून गेलात.”

“तू मला दिसत नव्हतीस.”

“तुम्ही मला दिसत होता.”

मास्तरांचा चौकोन कायम कसा ठेवायचा, ते त्यानेच शिकवलेलं होतं.

“खुर्ची दिसत होती,” प्रिती म्हणाली. “मी खुर्चीकडे बघून वाजवत होते. आजोबांचा हात माझ्या पायावर होता, तो घट्ट होता. मग सैल झाला. तुम्ही आला नाहीत. मग फोन काळा झाला.”

“मी माणूस आणायला गेलो होतो. ऐकणारा माणूस.”

“मला सांगितलं का नाहीत?”

एक खूण पुरली असती. ‘थांब, येतो’ म्हणायला एक हात, एक क्षण. ती मान वर करून बघत होती, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. अजितने दोन्ही हात उचलले, आणि तेवढ्यात प्रितीने डोळे मिटून घेतले. बहिऱ्या पोराशी बोलायचं तर त्याने आपल्याकडे पाहायला लागतं. त्याने तिच्या गुडघ्याला हलकेच हात लावला. तिने डोळे आणखी घट्ट मिटले.

कालिंदी निघू या म्हणाली तेव्हाही प्रितीचे डोळे मिटलेलेच होते.